जुन्या फियाटच्या विजेचा हिशेब

आपल्या समाजातील कित्येक व्यापारी कुटुंबांच्या वाड्यात, पेढीच्या मागच्या चौकात किंवा बंगल्याच्या पडवीत आजही एखादी जुनी फियाट कापडी आच्छादनाखाली उभी दिसते. नाव नोंदवून, वर्षानुवर्षे वाट पाहून आजोबांनी ती घेतलेली असते. त्याच गाडीतून घरच्या सुना आल्या, लेकी सासरी गेल्या, तीर्थयात्रा झाल्या. तिला विकण्याचे मन होत नाही आणि तिच्यातून बाहेर पडण्याचे धाडसही होत नाही. कारण विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते : ‘‘इंजिनाची काही तक्रार नाही हो, पण वायरिंगचा भरवसा नाही.’’

या एका वाक्यापायी अनेक सुस्थितीतील गाड्या भंगारात गेल्या आहेत. काहींचे मूळ वायरिंग सरसकट उपटून अर्धवट समजुतीने नवे बसवले गेले आणि दोष होता तिथेच राहिला. तिसरा प्रकार सर्वांत घातक. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागी जाड तार गुंडाळायची आणि काम भागवायचे. अशी गाडी चालते खरी, परंतु घरची माणसे तिच्यात बसलेली असतात याचा विसर पडतो.

जुन्या मोटारीतील विजेचा दोष शोधणे हे गूढ शास्त्र नाही. त्यासाठी अभियांत्रिकीच्या पदवीपेक्षा हिशेबाची शिस्त अधिक उपयोगी पडते, आणि ती शिस्त आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या आहे. प्रस्तुत लेखात प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपण ज्या गाडीला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिलो, तिच्या निमित्ताने ही पद्धत मांडण्याचा प्रयत्न आहे.

सोलापूरचा वारसा

या गाडीशी आपला संबंध केवळ खरेदीदाराचा नाही. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी रेल्वेच्या कंत्राटांपासून आरंभ करून जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही क्षेत्रांत स्वदेशी उद्योगाचा पाया घातला. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली. प्रारंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने गाड्यांची जुळणी झाली आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९६४ मध्ये तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले आणि सत्तरच्या दशकात तिचे नामकरण प्रथम ‘प्रेसिडेंट’ व नंतर ‘पद्मिनी’ असे झाले. १०८९ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरी इंजिनाची ही गाडी तीन पिढ्यांनी वापरली. मुंबईतील अखेरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ. कार्यालयात नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून निवृत्त झाली.

यापुढे या गाड्या टिकतील त्या केवळ कुटुंबांकडे. त्यांची देखभाल कशी करावी हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

जमा आणि नावे

द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक नावे रकमेसमोर तेवढीच रक्कम कुठेतरी जमा असावी लागते. विद्युतप्रवाहाचा नियम नेमका हाच आहे. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह स्विच, फ्यूज आणि दिवा यांतून जाऊन ऋण टोकाला परत यावाच लागतो. तो वाटेत नाहीसा होत नाही आणि परतीचा मार्ग नसेल तर निघतही नाही.

घरातील वायरिंगमध्ये जाणारी व येणारी अशा दोन तारा असतात. मोटारीत जाण्यासाठी तार असते आणि परतीसाठी गाडीचा पत्राच वापरला जातो. यालाच कारागीर ‘अर्थ’ किंवा ‘बॉडी’ म्हणतात. जाणारी तार रंगीत असते, तिच्यावर सर्वांचे लक्ष असते. परतीचा मार्ग मात्र गंजलेला स्क्रू, रंगाचा थर आणि जुना पत्रा यांच्यातून जातो व त्याकडे कोणी पाहत नाही. जुन्या गाडीतील विजेच्या दोषांचा मोठा हिस्सा या ‘जमा’ बाजूला असतो. वसुली कुठे अडकली हे न पाहता विक्री वाढवत राहणाऱ्या दुकानदारासारखी मग स्थिती होते : दिवा बदलला, स्विच बदलला, वायर बदलली, तरी प्रकाश मंदच.

तेरीज जुळत नसेल तर मुनीम प्रथम फरकाकडे पाहतो. फरकाला नऊने भाग जात असेल तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी असे तो ओळखतो. म्हणजे चुकीच्या स्वरूपावरून तिच्या कारणाचा अंदाज बांधतो. मोटारीतही तसेच करावे. एकच दिवा बंद असेल तर दोष त्या दिव्यापाशी आहे. एका फ्यूजवरील सर्व गोष्टी एकदम बंद असतील तर दोष फ्यूजपाशी किंवा त्याच्या अलीकडे आहे. सर्वच उपकरणे मंदावली असतील तर बॅटरी, तिची टर्मिनले आणि मुख्य अर्थ यांकडे वळावे. लक्षणे कागदावर लिहून काढण्यापूर्वी पाना हाती घेऊ नये.

साधने आणि पूर्वकाळजी

यासाठी लागणारी साधने थोडी आहेत. काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्टचा लहान बल्ब दोन तारांना जोडून केलेला टेस्ट लॅम्प, दोन्ही टोकांना चिमटे असलेली एक लांब वायर, पॉलिश पेपर आणि एक वही.

कामाला हात घालण्यापूर्वी अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. बॅटरी चार्ज होताना ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ दिवा, उदबत्ती वा ठिणगी नको. बॅटरी सोडवताना ऋण टोक प्रथम काढावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. असे केल्याने पाना चुकून पत्र्याला लागला तरी शॉर्ट होत नाही. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकत असेल तर ते प्रथम दुरुस्त करून घ्यावे. विजेचे काम त्यानंतर.

बॅटरीची शिल्लक

पहिली नोंद आरंभीच्या शिल्लकेची. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजली असता सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. यानंतर एकाने स्टार्टर फिरवावा आणि दुसऱ्याने मीटर पाहावा. आकडा साडेनऊच्या बराच खाली कोसळला तर बॅटरी वयोवृद्ध झाली आहे किंवा अपुरी भरलेली आहे असे समजावे. गाडी सुरू करून इंजिनाचा वेग थोडा वाढवल्यावर हाच आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावा. तो १२.५ वरच रेंगाळत असेल तर बॅटरीत भरणा होत नाही. पंधराच्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी अतिभरण्याने खराब होईल.

जुन्या फियाटमध्ये डायनॅमो असे आणि पुढील काळातील गाड्यांत अल्टरनेटर आला. डायनॅमो इंजिन मंद चालत असताना फारसा प्रवाह देऊ शकत नाही. त्यामुळे सिग्नलला उभे असताना चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला आणि वेग वाढवताच विझला तर तो दोष मानू नये.

भाराखाली परीक्षा

या ठिकाणी एक सूक्ष्म मुद्दा आहे आणि अनेक कारागीरही तिथे फसतात. वायरमधील बारीक तारांचा जुडगा तुटत तुटत एकच तार शिल्लक राहिली, तरी रिकाम्या मार्गावर मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. कारण मीटर नाममात्र प्रवाह घेतो. प्रत्यक्ष दिवा लावला की त्या एका तारेतून पुरेसा प्रवाह जात नाही आणि व्होल्टेज कोसळते. मागणी नसताना प्रत्येक व्यापाऱ्याची पत उत्तमच दिसते. देणेकरी दारात उभे राहतात तेव्हा ती कळते. म्हणून मोजमाप नेहमी उपकरण चालू ठेवून करावे.

स्टार्टरचे उदाहरण घ्या. तो फिरताना १५० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढू शकतो. मार्गातील एखाद्या सांध्यात ओहमच्या केवळ शंभराव्या भागाइतका अवरोध असला तर १५० गुणिले ०.०१, म्हणजे दीड व्होल्ट त्या एका सांध्यातच खर्ची पडतो. साधा मीटर हा अवरोध शून्यच दाखवतो. परंतु स्टार्टर फिरत असताना मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवली, तर तो दीड व्होल्ट लगेच दिसतो. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसणे म्हणजे परतीचा मार्ग खराब असल्याचा पुरावा.

इंजिन रबरी बैठकांवर बसवलेले असल्याने त्याचा पत्र्याशी विद्युतसंबंध केवळ एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीने येतो. ही पट्टी तुटली, गंजली किंवा इंजिनाच्या कामानंतर बसवायची राहिली, तर स्टार्टरचा प्रवाह मिळेल त्या वाटेने परत येऊ पाहतो. चोक किंवा ॲक्सिलरेटरची बारीक केबल ही अशीच एक वाट. स्टार्टर मारताना चोकची केबल गरम होते किंवा तिच्यातून धूर येतो, असे दिसल्यास केबल बदलत बसू नये. इंजिनाची अर्थपट्टी प्रथम पाहावी.

परतीच्या मार्गाचे एक उदाहरण

रात्री पार्किंगचे दिवे लावले असताना डावा इंडिकेटर दिला की मागचा डावा लाल दिवाही त्याच तालावर मंद-तेज होऊ लागतो, किंवा ब्रेक दाबताच इंडिकेटर लुकलुकायचा थांबून मंद जळत राहतो. गॅरेजमध्ये बहुतेकदा प्रथम फ्लॅशर बदलतात, मग स्विच बदलतात, आणि शेवटी ‘‘सगळे वायरिंग गेले आहे’’ असा निष्कर्ष निघतो.

खरे कारण निराळे असते. मागच्या दिव्याचा डबा ज्या स्क्रूंनी पत्र्याला बसवला आहे ते स्क्रू गंजले आहेत. इंडिकेटरच्या बल्बमधून गेलेल्या प्रवाहाला पत्र्यावर उतरण्याचा मार्ग नाही. मग तो शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा शिरतो आणि दुसऱ्याच वाटेने बॅटरीकडे जाऊ पाहतो. एका खात्याची रक्कम भलत्याच खात्यात जमा होत राहावी तसे हे आहे. दोन्ही खाती चुकीची दिसतात, मूळ चूक मात्र एकच असते.

याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. चिमट्यांच्या लांब वायरचे एक टोक दिव्याच्या धातूच्या डब्याला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. दिवे ताबडतोब नीट वागू लागले तर दोष अर्थचाच. मीटरने पाहायचे झाल्यास दिवे चालू ठेवून याच दोन बिंदूंमधील व्होल्टेज मोजावे. ते जवळजवळ शून्य हवे. तीन-चार व्होल्ट दिसले तर तेवढी वसुली अडकली आहे. स्क्रू काढून खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करावा, दातेरी वॉशर घालून स्क्रू घट्ट बसवावा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा.

डेंटिंग-पेंटिंग करून आणलेल्या सुंदर गाडीत असे दोष एकाएकी उद्भवतात, त्याचे कारणही हेच आहे. रंग हा विद्युतरोधक आहे. प्रत्येक अर्थच्या स्क्रूखाली रंगाचा नवा थर बसला की परतीची दारे बंद होतात. रंगकाम करणाऱ्यास आधीच सांगून या जागा मोकळ्या ठेवून घ्याव्यात.

फ्यूजपेटी आणि कळंक

फियाटच्या फ्यूजपेटीत दोन्ही टोकांना निमुळते, पोटावर धातूची उघडी पट्टी असलेले फ्यूज असतात. पितळी चिमट्यांत ते केवळ दाबाने धरलेले असतात. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळंकते हे आपल्या घरातील स्त्रिया जाणतात. दमट हवेत तांब्या-पितळेवर चढणारा तोच हिरवट थर फ्यूजच्या टोकांवर येतो. फ्यूज शाबूत दिसतो, परंतु स्पर्श पुरेसा होत नाही. वायपर अडखळतो, हॉर्न कधी वाजतो कधी नाही. अशा वेळी ऋण टोक सोडवून प्रत्येक फ्यूज त्याच्या चिमट्यातच बोटांनी चार-पाच वेळा फिरवावा. एवढ्यानेही बरेच रुसवे जातात. नंतर सवडीने फ्यूज काढून टोके व चिमटे बारीक पॉलिश पेपरने स्वच्छ करावेत. चिमटा सैल असेल तर हलकेच आवळावा. एखादा फ्यूज वापरात हाताला तापलेला लागत असेल तर सैल स्पर्श किंवा अधिक भार यांपैकी एक निश्चित आहे.

लांब मार्गातील दोष शोधताना एका टोकापासून क्रमाने सांधे तपासत जाण्यापेक्षा मधोमध सुरुवात करावी. वर्षाचा हिशेब चुकला तर आपण चैत्रापासून एकेक नोंद पाहत नाही, सहामाही बेरीज जुळते का ते आधी पाहतो. ती जुळली तर चूक उत्तरार्धात. मार्गात सोळा सांधे असले तरी दर वेळी निम्मे वगळत गेल्यास चार तपासण्यांत दोषी सांधा हाती येतो.

गळती कुठे आहे?

चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, ही दुसरी सार्वत्रिक तक्रार. इथे साधे गणित करावे. बॅटरी ४० अँपिअर-तासांची आहे असे धरू. बंद गाडीतही अर्धा अँपिअर प्रवाह कुठेतरी वाहत असेल तर दिवसाला १२ अँपिअर-तास खर्च होतात. तिसऱ्या दिवशी गाडी सुरू होण्याची शाश्वती नाही आणि चौथ्या दिवशी बॅटरी रिकामी. दुकानाचा गल्ला दररोज थोडा कमी भरत असावा तशी ही गळती असते आणि दोष मात्र बॅटरीला लावला जातो.

शोध असा घ्यावा. सर्व स्विच बंद, दारे बंद, किल्ली काढलेली. बॅटरीची ऋण केबल सोडवून ती केबल आणि ऋण टोक यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प जोडावा. जुन्या गाडीत आधुनिक इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नसल्याने हा दिवा पेटू नये. पेटला तर गळती आहे. आता एकेक फ्यूज काढत जावे. जो काढताच दिवा विझेल त्या मार्गावर चोर आहे. बहुधा तो नंतर बसवलेला टेप, दाराच्या दिव्याचे अडकलेले बटण किंवा घड्याळ निघतो. सर्व फ्यूज काढूनही दिवा पेटत राहिला तर फ्यूजशिवायच्या मार्गांकडे वळावे. जुन्या गाड्यांत इग्निशन, स्टार्टर आणि चार्जिंग हे मार्ग बहुधा फ्यूजविना असतात. अल्टरनेटरमधील बिघडलेला डायोड हा या गटातील नेहमीचा गुन्हेगार. दिवा असा जोडलेला असताना स्टार्टर मारू नये.

फ्यूज ही मर्यादा आहे

जुन्या गाडीचा उजेड मंद वाटतो म्हणून अनेक जण १०० वॉटचे हॅलोजन बल्ब बसवतात. त्याचा हिशेब मांडून पाहावा. पूर्वीचा ४५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ३.७५ अँपिअर घेई, दोन बल्बांचे साडेसात. १०० वॉटचे दोन बल्ब मात्र १६.७ अँपिअर मागतात. प्रवाह सव्वादोन पटींच्या जवळ गेला. परंतु वायरमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ पाचपट. वायर तीच, स्विच तोच, वरचे आवरण चाळीस-पन्नास वर्षांचे, वाळून तडकलेले. मूळ फ्यूज वितळतो, कारण त्याचे कामच ते आहे. तेव्हा त्या जागी तांब्याची तार गुंडाळली जाते. यानंतर त्या मार्गातील सर्वांत दुर्बल वस्तू फ्यूज राहत नाही, डॅशबोर्डमागील वायर ती जागा घेते.

बँकेतील सदतीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. न जुळणारा फरक उचंत खात्यात टाकला की त्या दिवसापुरता ताळा जुळतो, परंतु चूक तिथेच राहून वाढत जाते. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे हे उचंत खातेच आहे. फरक इतकाच की याची वसुली आगीने होते. आपल्या परंपरेत श्रावकाने परिग्रहाचे परिमाण स्वतःहून ठरवून घ्यावे असे सांगितले आहे. फ्यूज हे त्या तारेसाठी घातलेले परिमाण आहे. ते ओलांडण्याची सोय करून ठेवणे म्हणजे मर्यादाच रद्द करणे होय.

उजेड वाढवण्याचा योग्य मार्ग वेगळा आहे आणि तो बहुधा स्वस्तही पडतो. दिवे चालू असताना बल्बच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. बॅटरीवर १२ आणि बल्बवर साडेदहा दिसत असतील तर वाटेतील सांधे दीड व्होल्ट गिळत आहेत. तेवढ्यानेही प्रकाश एक-तृतीयांशाहून अधिक घटतो, कारण बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने कमी होतो. सांधे आणि अर्थ स्वच्छ केल्यावर मूळ बल्बही समाधानकारक प्रकाश देतो. त्यापुढे हवे असल्यास बॅटरीजवळ योग्य फ्यूज घालून रिले बसवून घ्यावा. मग मोठा प्रवाह जाड नव्या वायरने थेट दिव्याकडे जातो आणि जुन्या स्विचवर केवळ रिलेचा किरकोळ भार राहतो.

मूषकांचा प्रश्न

धान्याची आडत किंवा किराणा असलेल्या घरांत उंदरांनी वायर कुरतडण्याचा उपद्रव मोठा असतो. विषारी गोळ्या किंवा चिकट पट्ट्या हा आपला मार्ग नव्हे, आणि त्याची आवश्यकताही नाही. गाडी धान्याच्या कोठारापासून दूर उभी करावी. आसनाखाली प्रवासातील शेंगदाणे, खाकऱ्याचे तुकडे, प्रसादाचे कण राहू देऊ नयेत. जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या आच्छादनाखाली अंधार आणि ऊब मिळते, म्हणून दिवसा बोनेट उघडे ठेवावे आणि आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास चालवावी. हवेच्या मार्गांवर बारीक स्टीलची जाळी बसवावी. किल्ली फिरवण्यापूर्वी बोनेट उघडून पाहण्याची यतना ठेवली, तर आत दडलेला जीवही वाचतो आणि कुरतडलेली वायरही आधी दिसते.

कुरतडलेल्या जागी दोन टोके पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. उन्हाळ्यात पट्टीचा डिंक वितळतो आणि पट्टी सुटते. त्याच जाडीची आणि त्याच रंगाची वायर घ्यावी, टोकांना डाख देऊन किंवा थिंबल दाबून जोड करावा आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. रंगाचा आग्रह यासाठी की मूळ आराखडा रंगांवर वाचला जातो. हाताला आली ती वायर जोडणे म्हणजे तपशील न लिहिता व्हाउचर फाडणे. पुढच्या तपासनीसाला काहीच कळत नाही.

कारागिराकडे जाताना

स्टार्टर किंवा डायनॅमो उघडणे, रेग्युलेटर लावणे, जळालेले वायरिंग बदलणे ही कामे अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनचीच. फियाटचे वायरिंग डोळे मिटून ओळखणारे जुने कारागीर आता थोडे उरले आहेत. त्यांना योग्य मान आणि योग्य मोबदला द्यावा. मात्र त्यांच्याकडे जाताना ‘‘वायरिंग बघा’’ असे मोघम न सांगता लक्षणे आणि मोजलेले आकडे सांगावेत. कोणता भाग बदलला, का बदलला, कोणत्या रंगाची वायर कुठे गेली, हे तारखेसह वहीत उतरवावे. काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा. मूळ भाग कित्येकदा दुरुस्त होतो आणि बाजारातील नव्यापेक्षा अधिक टिकतो.

मूळ स्वरूप जपण्याला आता कायद्याचेही प्रोत्साहन आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल न केलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, तर पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये ठरवले आहे. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी मात्र नसते. सत्तरच्या दशकाच्या आरंभीच्या फियाट आता या वयाच्या झाल्या आहेत.

सांभाळणे शक्यच नसेल तर गाडी पावसात कुजवत ठेवण्यापेक्षा ती जपणाऱ्याच्या हाती सोपवणे हा विवेक होय. सांभाळायची असेल तर पुढच्या रविवारी घरातील एखाद्या नातवाला किंवा नातीला सोबत घ्यावे. मीटर त्यांच्या हाती द्यावा, वही आपल्या हाती ठेवावी आणि पहिली नोंद बॅटरीच्या व्होल्टेजची करावी. त्यानंतर फ्यूजपेटी उघडून कुठे तार गुंडाळलेली आहे का ते पाहावे. असल्यास ती त्याच दिवशी काढून योग्य फ्यूज बसवावा. बाकीच्या दोषांचा हिशेब सावकाश लागला तरी चालेल, हे एक काम मात्र पुढच्या फेरफटक्याआधी झालेच पाहिजे.